काढून ठेवलेली तार

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. पोटच्या पोरीला सांगितली नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो, तेव्हाही भलतंच काहीतरी पुटपुटून बाहेर आलो. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवी होती, तिच्या हातची भाकर तर मी रोज खातो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणून तुमच्यापुढं बसलोय. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभच उचलत नाही. भित्रा आहे मी.

गावात विचाराल तर लोक उलटंच सांगतील. संग्रामपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथं मी वायरमन म्हणून नोकरीची सगळी वर्षं काढली. वाऱ्यावादळात खांबावर चढणारा माणूस म्हणून माझं नाव होतं. निवृत्त झालो तरी लोक वायरमनच म्हणतात, आणि अजूनही फोन येतात — वायरमन, या हप्त्यात शेतातली लाईट दिवसा हाय का राती? शेतीची लाईट आमच्याकडं पाळीनं येते, एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा. कुणाच्या भागात कधी पाळी बदलते ते मला तोंडपाठ असतं. हे तोंडपाठ असणं ध्यानात ठेवा, कारण सगळं तिथंच अडकलंय.

बायको मी नोकरीत असतानाच वारली. मुलगी नाशिकला, तिच्या संसारात. रिकाम्या घरात माझं बोलणं व्हायचं ते कुत्र्यांशी. हे वेड जुनंच. वायरमन कुणाच्या दारात गेला की घरमालकाच्या आधी त्याचं कुत्रं सामोरं येतं, म्हणून मी खिशात भाकरीचा तुकडा ठेवायचो. आधी भीतीपोटी, मग सवयीनं, मग — मग जीव लागला, दुसरं काय! निवृत्तीनंतर रोज सकाळी बिस्किटाचे पुडे घेऊन मारुतीच्या पारावर जायचो. गावातली पाच-सहा मोकाट कुत्री जमायची.

तिथंच विमलबाईनं मला झापलं. "गोड काऊन चारता हो त्याइले? अंगाले खाज सुटते. वायरमन भाऊ, तुमी आपले खांब पाहा. कुत्र्याचं मी पाह्यते."

विमलबाई म्हणजे गावातल्या अंगणवाडीच्या बाई. त्याही नुकत्याच निवृत्त झालेल्या. नवरा तरुणपणीच गेला, लेकरूबाळ नाही, तेव्हापासून माहेरी, भावाच्या घराला लागून एका खोलीत राहायच्या. रोज सकाळी ज्वारीच्या कण्या शिजवून, त्यात ताक कालवून एक डेगची पारावर आणायच्या. कुत्र्यांना रांगेत बसवायच्या — खरंच बसवायच्या! आयुष्यभर लेकरांना बसवलेलं, तो आवाज कुत्र्यांनाही कळायचा.

त्यांचं स्वतःचं एक कुत्रं होतं. तांबूस रंगाचं, एक कान मोडलेलं. नाव सरपंच. सकाळी उठून घरोघर फिरायचा, प्रत्येक दारात थोडा वेळ बसायचा, काही मिळालं की पुढच्या दारी. काम मात्र कुणाचंच करायचा नाही. गावच्या खऱ्या सरपंचांना हे नाव मुळीच आवडलं नव्हतं. पण बोलणार कोण? तेही बाईंच्या अंगणवाडीतूनच पुढं गेलेले.

मी बिस्किटं बंद केली आणि भाकरी नेऊ लागलो. मग त्यांना मदत करू लागलो. मी कुत्र्याचं तोंड धरायचं, त्यांनी गोचिड काढायचे, खरजेवर करंजाचं तेल लावायचं. बोलणं सगळं कुत्र्यांचं — काळीला दिवस गेलेत का, लंगड्याचा पाय सुधारला का. दोन म्हातारी माणसं कुत्र्यांबद्दल बोलतायत, त्यात वावगं काय? पण घरी आलो की मला त्यातला शब्द न् शब्द आठवायचा. उद्या कुठला शर्ट घालायचा, हा विचार मी साठी ओलांडल्यावर करायला लागलो. मी त्यांच्यावर प्रेम करायला लागलो होतो. आमच्याकडं माझ्या वयाचा माणूस हा शब्द उच्चारत नाही, पण तुमच्यापुढं आता काय लपवायचं?

एक दिवस त्या म्हणाल्या, "वायरमन, जरा घट्ट धरा." नुसतं वायरमन. मागचं 'भाऊ' गळालं होतं. मी वर पाहिलं नाही, त्यांनीही पाहिलं नाही, आणि सरपंच दोघांच्या मध्ये शेपूट हलवत बसला होता. त्या दिवसापासून मनातल्या मनात मीही त्यांना विमल म्हणू लागलो.

आता रामेश्वर. विमलचा धाकटा भाऊ. माय गेली तेव्हा तो लहान होता, विमलनंच त्याला कडेवर घेऊन वाढवला. कष्टाळू, व्यवस्थित, तोंडानं फटकळ, पोटात काही न ठेवणारा. त्याचं शेत आणि माझं शेत लागून, मध्ये फक्त एक धुरा, म्हणजे बांध. सरपंचानं एकदा त्याच्या बकरीचं पिल्लू फाडलं, तेव्हापासून त्याचा कुत्र्यांवर राग. आणि माझ्यावरही. एकदा त्यानं मला वाटेत थांबवलं. "वायरमन भाऊ, लोकं माह्या बहिणीले नावं ठेवून राह्यले. पारावर बसनं बंद करा." मला झोंबलं, कारण लोक खरंच नावं ठेवत होते. मी मग धीर करून विमलला विचारलं — आपण लग्न करायचं का? ती कितीतरी वेळ कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "रामेसरले दुखवून मी काहीच करनार नाही."

म्हणजे मध्ये उभा होता तो एकटा रामेश्वर. हे मला तेव्हा कळत होतं का? हो. चांगलंच कळत होतं.

त्याच दिवसांत चहाच्या हॉटेलात तो सगळ्यांदेखत बोलून गेला, "हे सरपंच एक दिवस माह्या तारेले चिकटन, पाहाजा तुमी!" सगळे हसले. मीही हसलो.

तार म्हणजे काय ते सांगायला हवं. डोंगराच्या अंगाला रानडुकरं फार. हरभऱ्यात कळप शिरला की एका रात्रीत पीक साफ. म्हणून लोक कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावतात; त्यानं डुक्कर दचकून पळतं, मरत नाही. पण ज्याच्याकडं मशीन नाही किंवा बिघडलंय, तो मोटरच्या पेटीतून सरळ एक वायर ओढून कुंपणाला जोडतो. संध्याकाळी जोडायची, सकाळी काढून ठेवायची. हा गुन्हा आहे. माणूस मरतो त्यानं. नोकरीत असताना असल्या वायरी मी स्वतः तोडल्यात, शेतकऱ्यांना शिव्या घातल्यात. एकदा शेजारच्या शिवारात चिकटलेल्या माणसाला लाइन बंद करून मीच सोडवलं होतं. तो वाचला नव्हता.

रामेश्वर अधूनमधून अशी वायर जोडायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी जोडायचो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या माघात माझ्या झटका मशीनची बॅटरी बसली. ती संग्रामपुरात दुरुस्तीला टाकलेली, दुकानदार आज या, उद्या या करत होता, आणि इकडं हरभरा घाट्यांवर आलेला. मग मी जोडली वायर. वायरमननं!

गावाला जे माहीत आहे ते असं. एका सकाळी शेळ्या चारणारी एक बाई पारावर आली आणि म्हणाली, बाई, तुमचा सरपंच रामेश्वरच्या कुंपणापाशी मरून पडलाय. विमल तशीच धावली. मी मागं. पाठोपाठ निम्मं गाव. सरपंच रामेश्वरच्या तारेखाली आडवा पडलेला. रामेश्वर शेतातच होता, हाका ऐकून आला आणि पाहून तोही थबकला. म्हणाला, "बाई, मी नाही. म्या त् पहाटेच वायर काढून ठेवली."

पण हॉटेलातलं बोलणं सगळ्यांनी ऐकलेलं. कुणीतरी म्हणालं, कुत्रं मेलेलं पाहून मग काढली असेल. आणि मग सगळे माझ्याकडं वळले. साहजिकच होतं. "वायरमन, तुमी सांगा. कशानं मेलं?"

मी सरपंचाचा पंजा उचलून पाहिला. म्हणालो, "करंटच आहे. तारेचाच."

खोटं होतं का? शब्द न् शब्द खरा होता.

रामेश्वरनं तिथंच, धुऱ्यावरच्या मातीला हात लावून मायची शपथ घेतली. "मायची आन, बाई. माह्या वायरीत करंट नव्हता." विमलनं माझा हात धरला — आयुष्यात पहिल्यांदा — आणि रडली. आम्ही दोघांनी सरपंचाला माझ्या बांधावरच्या कडुलिंबाखाली पुरलं. तिनं त्याच्या अंगावर स्वतःचा टॉवेल घातला. महिनाभरात तिनं भावाची खोली सोडली. चैत्रात आम्ही बुलढाण्याला जाऊन नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. अक्षता टाकायला माणसं मोजकीच. परत आलो तर दारात पाचही कुत्री बसलेली. विमल म्हणाली, "पाहा, माह्या माहेरची लोकं आली." आणि हसली. त्या हसण्यात एक माणूस कमी होता. तो कुणामुळं कमी झाला होता, हे तिला माहीत नव्हतं.

कारण ती तार माझी होती. सरपंच माझ्या तारेला चिकटून मेला.

झालं. बोललो. आता बाकीचं सांगायला जड जाणार नाही असं वाटलं होतं — पण जातंय.

रात्रपाळीच्या आठवड्यातली ती शेवटची रात्र. पहाटे लाईट गेली. रोज मी सकाळी आधी शेतात जायचो, वायर काढायचो, तिथं सरपंच यायचा, मी त्याला चतकोर भाकर द्यायचो, मग तो त्याच्या दौऱ्यावर आणि मी पारावर. त्या दिवशी मी आधी पारावर गेलो. का? काळीच्या कानात जखम झाली होती आणि विमलनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, हळद घेऊन लवकर या. लवकर या, असं ती म्हणाली होती! वायर काय, नंतर काढू; लाईट तर आता थेट रात्रीच येणार. पण आठवडा बदलला होता. त्या सकाळपासून लाईट दिवसाची होती. आदल्या संध्याकाळी हॉटेलात हेच मी लोकांना सांगितलं होतं — उद्यापासून दिवसा हाय, पाणी द्यायची तयारी ठेवा. सगळ्या गावाला सांगितलं आणि स्वतः विसरलो.

विमल काळीच्या कानात हळद भरत होती. "आज सरपंच कोठी गेला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "दौऱ्यावर असन." तेवढ्यात देवळामागच्या शेतातली मोटर सुरू झाली. आमच्याकडं सगळ्यांना ऑटो स्विच असतात, लाईट आली की मोटरी आपोआप चालू होतात. एक झाली, मग पलीकडची, मग त्यापलीकडची. टाक्यात पाणी पडायचा आवाज येऊ लागला. रोजचाच आवाज. मी हातातली हळदीची पुडी तिथंच टाकून उठलो.

"काय झालं?" विमलनं विचारलं.

"मोटर बंद करायची राह्यली," मी म्हणालो आणि गाडीला किक मारली.

पहिलं खोटं ते. माझ्या तारेत करंट आहे, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? ती माझ्यामागं गाडीवर बसली असती. दोघं मिळून गेलो असतो.

सरपंच माझ्या फाटकाजवळ पडला होता. रोजच्या जागी. भाकरीची वाट पाहत तारेजवळ गेला असेल. मी आलो नव्हतो, पण तो आला होता.

मग तो रामेश्वरच्या कुंपणापाशी कसा सापडला? विचाराल तुम्ही. विचारायलाच हवं. थांबा. त्याच्या आधी आणखी एक आहे, ते आधी सांगून घेतो.

लग्नानंतर पावसाळ्यात रामेश्वर मला शेताच्या वाटेवर भेटला. वाळला होता. गावात लोक त्याला टाळत नव्हते, पण बायकोसुद्धा कधीतरी बोलून जायची — खरं सांगून टाका एकदाचं. तो पहिल्यांदाच मला भाऊजी म्हणाला. "भाऊजी, तुमी लाइनीतले. एक सांगा. वायर काढून ठेवलेली असन, तरी कुंपनात करंट राह्यते काय?"

बघा, काय विचारत होता तो. स्वतःवर शंका घेत होता. पहाटे आपण वायर काढली, गुंडाळून ठेवली, हे त्याला पक्कं आठवत होतं. पण सगळं गाव एक म्हणतंय आणि आपण एकटेच दुसरं, असं झालं की माणूस आपल्या डोळ्यांवरही विश्वास ठेवत नाही. उत्तर सोपं होतं. नाही राहत. नवशिका हेल्परही सांगेल. जोड काढला की ती नुसती लोखंडाची तार. मी एक 'नाही' म्हणालो असतो तर तो ताठ मानेनं घरी गेला असता.

मी म्हणालो, "दव पडलेलं असलं, जमिनीत ओल असली, तर सांगता येत नाही."

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्यानं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला त्यानं. मी वायरमन होतो ना!

त्या भाऊबीजेला तो आमच्या दारात आला. हातात पिशवी, पिशवीत बहिणीसाठी साडी. विमलच्या तोंडावर काहीतरी हललं, मला वाटलं आता ती पाट मांडणार. पण त्यानं उंबऱ्याबाहेरूनच सुरुवात केली. "बाई, तार माहीच असन. मले समजलं नाही. चुकलो मी."

विमल म्हणाली, "मंग मायची आन खोटी घेतली होती?"

त्यानं शपथ घेतली तेव्हा ती खरीच होती. आता त्याला वाटत होतं की खोटी होती. विमल आत निघून गेली. कुत्र्याचं तिनं माफ केलं असतं, मला माहीत आहे. मायच्या नावाचं नाही करू शकली. ज्या मायमागं तिनं त्याला वाढवलं, तिच्याच नावानं खोटं बोलला! त्या दिवसापासून तिनं त्याचं नाव घेणं सोडलं. आणि मी काय केलं? मी बाहेर येऊन त्याला पाण्याचा तांब्या दिला. वरून म्हणालो, "जाऊ द्या, होते कधी कधी." माझ्या पापाची माफी तो मागत होता आणि मी त्याला धीर देत होतो. तो उभ्या उभ्याच पाणी प्यायला. साडीची पिशवी ओट्यावर ठेवून गेला. ती साडी कपाटात तशीच आहे, घडी न मोडलेली.

त्यानंतर एक गंमत झाली. गंमत म्हणजे गावाच्या हिशेबानं. रामेश्वर कुत्र्यांना भाकर टाकू लागला. आम्ही पारावरून उठलो की तो यायचा, पदरात घेतल्यासारखा शर्टाचा खालचा भाग धरून, त्यात भाकरी. लोक हसायचे. मग त्यानं शेतात एक पिल्लू पाळलं. त्याला नाव ठेवलं नाही, नुसतं 'ये' म्हणायचा. न केलेल्या पापाचं प्रायश्चित्त करत होता तो, माझ्या डोळ्यांदेखत. मी रोज पाहायचो आणि रोज घरी येऊन विमलच्या हातचा चहा प्यायचो. आणि सुखात होतो हो! तेच तर सांगवत नाही. ती सकाळी माझ्या आधी उठते, मला 'अहो वायरमन' म्हणून हाक मारते, संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसतो आणि कुत्री पायाशी. इतकं सुख मला तरुणपणीही मिळालं नव्हतं.

आता ते सांगतो. आता टाळायला काही उरलं नाही.

मी मोटरचा मेन स्विच पाडला. वायर सोडली, गुंडाळली, पेटीमागं फेकली. मग सरपंचाजवळ बसलो. अंग ऊन होतं. छातीला कान लावला. काही नव्हतं. क्षणभर वाटलं, याला असाच उचलून पारावर न्यावा, तिच्यापुढं ठेवावा. मग वाटलं — ती पुन्हा आपल्याकडं पाहणार नाही. इथवर सगळे भित्रे सारखेच असतात. इथवर मी फक्त भित्रा होतो.

पण मग मला हॉटेलातलं ते वाक्य आठवलं. 'माह्या तारेले चिकटन.' आणि मी सरपंचाला उचललं. रामेश्वर शेतात दिसत नव्हता. धुरा ओलांडला. रामेश्वरच्या कुंपणापाशी गेलो. तिथं त्याची वायर होती — नीट गुंडाळून त्याच्या बाजूच्या कडुलिंबाच्या फांदीला अडकवलेली, रोजच्यासारखी. मी ती डोळ्यांनी पाहिली. त्याचा काडीचाही दोष नाही हे जगात एकट्या मला, आणि पक्कं, माहीत होतं. तरी मी सरपंचाला त्याच्या तारेखाली ठेवलं. उजवा पंजा तारेला लागेल असा केला. एकदा मागं सरकून पाहिलं, बरोबर दिसतं का.

मग हात धुतले. पारावर परत आलो. विमल डेगची घासत होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि विचारलं, "सरपंच आला का?"

असा मी आहे.

आज, इतक्या वर्षांनी, दुपारी रामेश्वर गाव सोडतोय. त्याला आता नीट दिसत नाही, मुलगा पुण्याला घेऊन चाललाय. शेत ठोक्यानं, वर्षाचे पैसे ठरवून, दुसऱ्याला कसायला दिलंय. शेगावहून रेल्वे आहे, परत येणं व्हायचं नाही असं त्याची बायकोच काल म्हणाली. ती त्याचं कुत्रं घेऊन आली होती. म्हणाली, बाईले म्हणा, एवढं सांभाळा. विमलनं दोरी हातात घेतली. सकाळपासून कुत्र्यापुढं कण्यांची वाटी ठेवून अंगणात बसलीय. ते तोंड लावत नाही, रस्त्याकडं पाहतंय.

मघाशी ती म्हणाली, "याले त्याच्याच हातचं लागते वाटते." मग थांबून म्हणाली, "जाऊन भेटली असती मी. पन मायच्या नावानं खोटं बोलनाऱ्याले काय तोंड दाखवू?" आणि कपाट उघडून ती साडी काढली, पाहिली, परत ठेवून दिली.

हे सांगितल्यावर माझ्या घरात काय उरेल ते मला माहीत आहे. तिनं जावं की राहावं, हे मी बोलणार नाही. तुम्हीही माझ्याबद्दल काही चांगलं मनात आणू नका.

रामेश्वरच्या घरासमोर गाडी येऊन उभी राहिल्याचा आवाज आला. विमलनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मी उठलोय. अंगणात तिच्यासमोर जाऊन उभा राहतोय. तार, सरपंच, मी — ते सगळं मागाहून येईल. आधी कोणतं वाक्य बोलायचं ते ठरवलंय.

विमल, रामेसरनं मायची आन खरी घेतली होती.